रखमाजीची मूळ कॅसेट आणि कोंडूआबांचं रुसणं

मळवली स्टेशनातून बाहेर पडून भाजे गावाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला 'रेणुका व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी दिसते. पाटीवरच्या कॅमेऱ्याचा रंग आता इतका उडालाय, की शनिवार-रविवारी लोहगडाला निघालेली मंडळी तिथं थांबून इथं मिक्सर दुरुस्त होतो का म्हणून विचारतात. रखमाजी त्यांना नाही म्हणत नाही. "ठिवून जावा, बघतो," म्हणतो. नाही म्हणायची सोय त्याच्यात करायची देवाकडून राहूनच गेली असावी. जन्मात तो एकाच गोष्टीला नाही म्हणाला, आणि त्यापायी थेट वडगावच्या कोर्टात जाऊन उभा राहिला.

रखमाजी मूळचा भाज्याचा. घरची इंद्रायणी भाताची शेती. पण पोरवयात लोणावळ्याच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागला आणि भाताच्या खाचरातून जो बाहेर आला तो परत आत गेला नाही. पुढं खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतला, बायकोच्या नावानं पाटी लावली आणि कामशेतपासून कार्ल्यापर्यंतच्या सगळ्या लग्नांत शिरला. त्याच्या शूटिंगची एक खूण होती. सुरुवातीला गणपती, मग लग्नपत्रिका, मग मांडव, हळद, अक्षता, जेवणावळ हे सगळं स्वच्छ दिसायचं. आणि शेवटी नवरीची पाठवणी आली की चित्र हलायला लागायचं. लोकांना वाटायचं कॅमेऱ्यात बिघाड आहे. बिघाड रखमाजीत होता. कुठल्याही मुलीची पाठवणी बघून त्याला रडू आवरायचं नाही, आणि कॅमेरा खांद्यावर असल्यामुळं त्याचे हुंदके थेट कॅसेटमध्ये उतरायचे. काही घरांत तर अजून सांगतात, आमच्या कॅसेटमध्ये नवरीपेक्षा शूटिंगवाला जास्त रडलाय.

शूटिंग झालं की तळेगावला जाऊन 'मिक्सिंग' व्हायचं. म्हणजे नवरीचा चेहरा गुलाबात, नवऱ्याचा बदामात, आणि वरमायांच्या पंगतीत मागं पाळण्यातलं गाणं. नको असलेलं कापायचं. कुणी जेवताना तोंड उघडं ठेवलेलं असायचं, कुणी नाचताना धोतर सोडलेलं असायचं. लोक हळूच येऊन सांगत, "रखमाभाऊ, तेवढं काढा बरं का." रखमाजी काढायचा. पण काढायचा तो घरी द्यायच्या कॅसेटमधून. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट, जिला तो 'मास्टर' म्हणतो, ती जशीच्या तशी त्याच्या घरच्या माळ्यावर जायची, चुलीच्या बरोबर वर. आमच्या मावळात पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, देवाच्या फोटोलाही येते. कॅसेट तर पंधरा दिवसांत पांढरी. म्हणून रखमाजीनं ही धुराची युक्ती काढली. सगळ्या कॅसेटी कोरड्या खणखणीत, फक्त त्यांना वास चुलीचा. त्याची बायको रेणुका तीस वर्षं विचारतेय, माझ्या कुरडया-सांडग्यांनी कुठं जायचं. त्यावर रखमाजीचं उत्तर ठरलेलं, "कुरडई दर साली व्हते. लगीन येकदाच व्हतं."

एवढं जपायचं कारणही होतं. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी दुकानाच्या पायरीवर येऊन उगीच रेंगाळायचं, आणि मग म्हणायचं, "भाऊ, आमची आई गेली. फोटो हाय, पण चालताना-बोलताना पायजे होती." रखमाजी माळ्यावर चढायचा. कुठल्या तरी पुतण्याच्या हळदीत ती आई वाढप्याला ओरडताना सापडायची. घरी दिलेल्या कॅसेटमधून ते ओरडणं कापलेलं असायचं. आणि आता त्यांना नेमकं तेच हवं असायचं.

म्हणून त्याचा एक नियम होता. मूळ कॅसेट कुणाला द्यायची नाही. तिच्यात सगळ्यांचं सगळं असतं. एकाच्या हातात दिली की दुसऱ्याची अब्रू गेली.

आता जांभळीच्या वाडीची गोष्ट. भाज्याच्या वरच्या अंगाला, विसापूरच्या उतारावर ही पंधरा-वीस घरांची वाडी. खालच्या रस्त्यापासून वाडीपर्यंत एक गाडीवाट जाते. ती भिमाजी या जुन्या जमीनदाराच्या मालकीच्या माळावरून जायची. भिमाजी गेले, पोरांनी माळ विकला, आणि तो घेतला बाहेरच्या एका साहेबांनी. साहेबांनी छान बंगला बांधला, भोवती तारेचं कुंपण घातलं, आणि वाटेवरच्या मोठ्या आंब्याखाली लोखंडी फाटक बसवून त्याला कुलूप लावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. जमीन दाखवणाऱ्या एजंटानं त्यांना सांगितलं होतं, की इथून फक्त पायवाट आहे, गाड्या कधीच गेल्या नाहीत. म्हणून त्यांनी फाटकाच्या कडेला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली होती, आणि आपण मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्या फटीतून माणूस जायचा, पण संदीपचा टेम्पो जात नव्हता. संदीप वाडीतला तरुण गडी, भाजी आणि पर्यटकांच्या बॅगा वाहतो. टेम्पो तो फाटकाबाहेर लावायचा आणि घरी चालत जायचा. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्याची आई बायामावशी हिचे गुडघे गेलेले. कामशेतच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं की चौघं जण तिला लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून फाटकापर्यंत उचलून आणायचे, तिथून तिरपं करून फटीतून काढायचे आणि टेम्पोत ठेवायचे. बायामावशी म्हणायची, "मी काय गनपती हाय व्हय, चौघांनी मिरवायला? आन नेताय बी असं जपून, जनू बुडवूनच येनार हाय." लोक हसायचे. पण एकदा पावसात खुर्ची उचलणाऱ्यांतल्या एकाचा पाय घसरला आणि मावशी खुर्चीसकट करवंदीच्या जाळीत गेली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. वाडीनं दिवाणी दावा लावला.

वाडीच्या वकील होत्या अपेक्षा मॅडम. वय फार नाही, पण पेशाला आवश्यक तेवढ्या शंका त्यांना लहानपणापासून येत असाव्यात. त्यांनी वाडीला सरळ सांगितलं, "वीस वर्षांहून जास्त काळ इथून गाड्या बिनतक्रार जात होत्या, हे दाखवावं लागेल. तुम्ही सगळे सांगाल, पण तुम्ही तर वादीच. बाहेरचं काही आहे का? फोटो, काहीही?"

संदीपला आठवलं त्याची मोठी बहीण उज्ज्वला हिचं लग्न. ते झालं मे २००३ मध्ये. नवऱ्याकडची मंडळी टेम्पोनं वाडीत आली होती. घरची कॅसेट होती. ती लावून बघितली, तर गणपती, पत्रिका, गुलाबातली उज्ज्वला, आणि पाव्हणे एकदम वाडीतच. मधली वाट कुठंच नाही. जणू वऱ्हाड विमानानं उतरलं.

"मूळ कॅसेट असंल की रखमाभाऊकडं," संदीपचे चुलते कोंडूआबा म्हणाले, आणि स्वतः संदीपला घेऊन दुकानात आले.

कोंडूआबांची ओळख करून द्यायला हवी. सत्तरीच्या आसपासचे, वाडीतले सगळ्यांत मान्य गृहस्थ. खास मान्यता कशाबद्दल, तर रुसलेल्यांची समजूत घालण्याबद्दल. आसपास कुठल्याही लग्नात कुणी रुसून बसलं, आणि आमच्याकडं कुणी रुसलं नाही असं लग्न होत नाही, की कोंडूआबांना बोलावणं जायचं. ते शेजारी जाऊन बसायचे आणि सांगायचे, "बाबा, रुसून कुनाचं भलं झालंया? मी कदी रुसलो का?" त्या वाक्यावर भलेभले उठायचे.

"रखमा, आपल्या उज्जीच्या लग्नाची मूळ कॅसेट काढ," आबा म्हणाले. "वाडीची वाट तीत हाय. कोर्टाला दावायची हाय."

रखमाजी खाली बघायला लागला. "न्हाई देता यायची, आबा."

"का?"

"मूळ कॅसेट मी देत न्हाई कुनाला."

"अरं, आमच्याच लग्नाची."

"तरी बी."

आबा चिडले. संदीप तर फारच चिडला. "रखमाकाका, माजी आई खुर्चीतनं पडली. आन तुमाला दोन घंट्याची कॅसेट देववंना," असं बरंच बोलला. रखमाजी ऐकून घेत राहिला. तो काय सांगणार? ती वाट घरच्या कॅसेटमधून कापली होती ती खुद्द कोंडूआबांच्या विनवणीवरून. त्या वाटेवर, त्या आंब्याखाली, भर वऱ्हाडासमोर, कोंडूआबा स्वतः रुसून बसले होते. पत्रिकेत चुलत्यांच्या नावांमध्ये त्यांचंच नाव छापायचं राहिलं होतं. लग्न झाल्यावर आबांनी रखमाजीचा हात धरून सांगितलं होतं, "तेवढं काढ. माज्या गळ्याची आन." रखमाजीनं काढलं होतं. आबांची समजूत अशी, की काढलं म्हणजे मूळ कॅसेटमधूनही आपलं रुसणं तेवढं गेलं आणि वाट राहिली. मूळ कॅसेटला रखमाजी कात्री लावतच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि आता तेच आबा समोर उभं राहून म्हणत होते, आण ती कॅसेट.

संदीप निघून गेल्यावर रखमाजी घरी येऊन नुसता बसून राहिला. रेणुकानं विचारलं तेव्हा म्हणाला, "दिली तर आबा मरतो. न दिली तर मावशी खुर्चीतनं पडती. तूच सांग."

रेणुका म्हणाली, "मला ईचारू नका. मला कुरडयांची जागा पायजे."

अपेक्षा मॅडमना संदीपनं ही हकिगत सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "बरं झालं नाही दिली ते. तुम्ही आणली असती तर समोरचे म्हणाले असते, घरच्यांनी घरची कॅसेट आणली. आपण ती कोर्टामार्फत मागवू." त्यांनी कोर्टात अर्ज दिला, की अमुक इसमाच्या ताब्यात अमुक चित्रीकरण आहे, ते घेऊन त्यानं साक्षीला यावं. कोर्टानं तो मंजूर केला. आणि एका दुपारी रखमाजी कुणाचा तरी पासपोर्ट साईज फोटो काढत असताना बेलीफ दुकानात आला.

'समन्स' हा शब्द वाचता वाचताच रखमाजीनं घाईनं कॅमेऱ्याचं बटण दाबून टाकलं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो त्या दिवशी पाठवणीसारखा हललेला आला. दुकान बंद करून तो घरी गेला आणि रेणुकाला म्हणाला, "मला कोर्टानं धरलं."

रेणुकानं कागद हातात घेऊन सावकाश वाचला. "ह्यात तर लिवलंय, जान्यायेन्याचा भत्ता देनार."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडीभाडं. ज्याला धरायचं त्याला कुनी गाडीभाडं देतं व्हय? ह्ये आमंत्रन हाय. फकस्त पत्रिका साधी छापलीया."

रखमाजीनं कागद परत वाचला. खरंच, त्यानं काही गुन्हा केल्याचं त्यात कुठंच म्हटलं नव्हतं. मूळ कॅसेट घेऊन या, एवढंच होतं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि त्याचा चेहरा किती तरी दिवसांनी सैल झाला. आता हो म्हणायचं की नाही म्हणायचं हा प्रश्नच उरला नव्हता. कोर्टानं परस्पर हो म्हणून टाकलं होतं. ज्याला आयुष्यभर कुणाला नाही म्हणता आलं नाही, त्याला समन्ससारखी सुखाची चीज नाही. त्या दिवशी रखमाजी दोन भाकरी जास्त जेवला.

पण आबांना सांगायला हवं होतं. ते मात्र कोर्टानं अंगावर घेतलं नव्हतं.

आणि तोवर बातमी फुटली होती. कोर्टानं रखमाजीच्या कॅसेटी मागवल्या, एवढंच गावात पोचलं. कुठली आणि कशासाठी हे पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग. पंचायतीचे माजी सदस्य आले, हळदीत आपण कुणाच्या गळ्यात पडून रडलो होतो ते कोर्टाला दिसणार का म्हणून विचारायला. एक जावई परंदवडीहून कारखान्याची रजा टाकून आला. त्यानं वीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या जेवणाला नाव ठेवलं होतं. रखमाजी प्रत्येकाला सांगत होता, "तुमची न्हाई मागितली हो." ऐकून प्रत्येकाचा जीव भांड्यात पडायचा, आणि जाता जाता प्रत्येक जण थोडा नाराजही दिसायचा. आपल्या कॅसेटला कोर्टात काहीच किंमत नाही म्हणजे काय.

संध्याकाळी रखमाजी वाडीत गेला. कोंडूआबा अंगणात दोरी वळत होते.

"आबा, एक सांगायचंय. ते मी कापलं होतं ना..."

"काय कापलंस?"

"तुमचं रुसनं."

आबांनी इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल. त्येचं काय?"

"ते घरच्या कॅसेटमधनं कापलं. मूळच्यात हाय."

दोरी हातातच राहिली. आबा म्हणाले, "मग आता काप."

रखमाजीनं दुसऱ्या दिवशी अपेक्षा मॅडमना फोन लावून विचारलं, मधला थोडा भाग कापला तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, "रखमाजीभाऊ, तुमच्या हातात कात्री असेल तर आधी खाली ठेवा. कोर्टानं मागवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. कापलेली कॅसेट बघून समोरचे पहिला प्रश्न विचारतील, मधलं कुठं गेलं. मग वाट राहील बाजूला. आणि ती सारखी लावून बघू पण नका, जुनी आहे, तुटेल."

रखमाजीनं हे आबांना कळवलं. दुसऱ्या सकाळी ते वाडीतून उतरून आले आणि 'रेणुका व्हिडिओ'च्या पायरीवर रस्त्याकडं तोंड आणि दुकानाकडं पाठ करून बसले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वळसा घालून आत जावं लागायचं. रखमाजीनं चहा आणून ठेवला. आबांनी तो शेजारून जाणाऱ्या माणसाला देऊन टाकला. रुसलेल्यांना उठवायला ज्यांना बोलवायचं ते स्वतःच बसल्यामुळं त्यांना उठवायला कुणाला बोलवावं, हे कुणाला सुचेना. असं ते रोज येऊन बसत होते.

त्यांना उठवलं बायामावशीनं. तिला पुन्हा डॉक्टरकडं न्यायचं होतं, आणि खुर्ची उचलणाऱ्या चौघांत आबा एक होते. एवढ्या रुसव्यातही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. फाटकाशी खुर्ची तिरपी केली तेव्हा मावशी त्यांच्या कानाशी आली. ती म्हणाली, "भावजी, तुमी हितं रुसून बसला व्हता, ह्ये मला ठावं न्हाई व्हय? माज्याच पोरीचं लगीन व्हतं. मी तितंच उभी व्हते."

आबा थांबले. बाकीच्या तिघांनाही थांबावं लागलं.

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस, वयनी?"

"कशापायी बोलू? पर आता मला ह्या फटीतनं जायचा लय कंटाळा आलाय."

तारखेच्या दिवशी सकाळी रखमाजी फाटकाखालच्या रस्त्यावर संदीपच्या टेम्पोत जुना डबा टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेट चढवत होता. कॅसेट त्यानं रेणुकाच्या लुगड्यात गुंडाळली होती. बघतो तर कोंडूआबा धुतलेली टोपी घालून पुढच्या सीटवर आधीच बसलेले. "लावायचीच हाय तर माज्या देखत लावा," एवढंच ते म्हणाले. "मागनं हसन्यापरीस पुडनं हसू दे."

कोर्टात रखमाजीनं शपथ घेतली. समोरच्या वकिलांनी हसून विचारलं, "तुम्ही वादींच्या ओळखीचे?"

"व्हय साहेब. लग्नाचं शूटिंग माजंच."

"म्हणजे वादींच्या सांगण्यावरून तुम्ही आज ही कॅसेट आणलीत."

"न्हाई साहेब. वादी सांगून सांगून दमले, शिव्या देऊन गेले, मी काय दिली न्हाई. कोर्टानं बोलावलं म्हनून आलो." आणि खिशातून समन्स काढून त्यानं दाखवलं. वकिलांनी तो प्रश्न तिथंच सोडला.

मग टीव्ही लावला. पडद्यावर नुसती निळाई. मग पांढऱ्या रेघा. संदीपनं डोळे मिटून घेतले. रखमाजी न्यायाधीश मॅडमकडं वळून म्हणाला, "मॅडम, एक चापट मारू का?"

"कुणाला?"

"व्हीसीआरला. उजव्या बाजूनं मारली की लागतो."

मॅडमनी परवानगी दिली. चापट बसली, आणि कोर्टात गणपती आला.

त्यामागून पत्रिका आली. मग आली वाट. कॅमेरा वर चढत होता, पुढं वाजंत्री, मागं पाव्हण्यांनी भरलेला टेम्पो. आंबा आला, आणि टेम्पो थांबला. वाटेच्या मधोमध मांडी घालून पंचेचाळिशीचा कोंडू बसला होता, हातात पत्रिका. वाजंत्री बंद पडली, आणि आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला.

"पत्रिकेत माजं नाव कुटं हाय? सांगा. माजं नाव न्हाई, तर पाव्हना हितनं जानार न्हाई."

लोक विनवत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आबा कोर्टाच्या बाकावर टोपी पुढं ओढून बसले होते. आणि मग पडद्यावर छत्री टेकत भिमाजी आले. माळाचे मालक, ज्यांच्या पोरांनी तो साहेबांना विकला, तेच. त्यावेळी कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या रखमाजीला सगळी काळजी बॅटरीची होती. भिमाजी काय बोलले इकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं, आणि मिक्सिंगला तो भाग त्यानं आवाज न लावताच कापला होता. आता तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

"कोंड्या, ऊठ," भिमाजी म्हणाले. "ही वाट काय तुज्या येकट्याची हाय? माज्या बापाच्या टायमापासनं वाडीच्या गाड्या हितनं जात्यात. मी मालक असून कदी अडवली न्हाई, आन तू कोन लागून गेलास अडवनारा?"

अपेक्षा मॅडमचं पेन लिहिता लिहिता थांबलं. समोरच्या वकिलांचंही थांबलं. पडद्यावर भिमाजींनी कुणाकडून तरी पेन मागून घेतलं, टेम्पोच्या बॉनेटवर पत्रिका ठेवली आणि चुलत्यांच्या यादीखाली मोठ्या अक्षरात 'कोंडू' असं लिहिलं. "ह्ये बग, लिवलं. रखमा, ह्येचं शूटिंग घे, न्हाईतर ह्यो परत बसंल."

आणि शहाण्या रखमाजीनं घेतलं होतं. आधी पत्रिका जवळून, रविवार दिनांक ४ मे २००३, खाली पेनानं लिहिलेला कोंडू. मग कॅमेरा हळूहळू मागं, आणि एका चित्रात पत्रिका, टेम्पो, आंबा, भिमाजी आणि उठून उभा राहून धोतर झटकणारा कोंडू. आबा रुसले नसते तर टेम्पो आंब्याखाली थांबला नसता, मालक चार शब्द बोलले नसते, आणि तारखेची पत्रिका वाटेवर कुणी कॅमेऱ्यासमोर धरली नसती.

कोर्टात हसायचं नसतं, म्हणून सगळे खोकले. न्यायाधीश मॅडमही थोड्या खोकल्या. मग म्हणाल्या, "एवढा भाग पुन्हा दाखवा." रखमाजीनं मागं घेतला. आबा दुसऱ्यांदा रुसले, दुसऱ्यांदा उठले. या वेळी आबांनी टोपी मागं सारून बघितलं.

बंगल्याचे साहेब कोर्टात हजर होते. बाहेर आल्यावर ते सरळ आबांकडंच आले. संदीप मध्ये पडायच्या तयारीत. साहेब म्हणाले, "माझ्या लग्नात आमचे काका रुसले होते. हॉलबाहेर गाडीत जाऊन बसले. फक्त त्यांनी एसी लावला होता." आबा म्हणाले, "मग लवकर उटले नसतील." "नाहीच उठले," साहेब म्हणाले. "जेवण गाडीत पाठवावं लागलं." मग थोडं थांबून म्हणाले, "मला कुणी हे सांगितलंच नव्हतं हो. मला सांगितलं होतं पायवाट आहे."

पुढच्या तारखेला तडजोड झाली. फाटक काढायचं, वाट पूर्वीसारखी मोकळी, साहेबांच्या कुंपणाला वाडीनं धक्का लावायचा नाही. अपेक्षा मॅडमनी मसुदा वाडीच्या मंडळींना वाचून दाखवला आणि सह्यांसाठी पुढं केला. आबांनी पेन घेतलं, आणि सही करायच्या आधी विचारलं, "माजं नाव हाय ना ह्यात?"

"वादी क्रमांक एक तुम्हीच आहात, आबा."

"पेनानं लिवलंय का छापलंय?"

"छापलंय."

"मग बरं," म्हणून आबांनी सही केली.

आता कॅसेट पुन्हा माळ्यावर आहे, चुलीवर. रेणुकाच्या कुरडया तिच्या शेजारी. एवढी तडजोड त्याही घरात झाली. लग्नाच्या हंगामात आबांना अजून बोलावणं येतं. फक्त त्यांचं वाक्य बदललंय. रुसलेल्याच्या शेजारी बसून ते म्हणतात, "रूस बाबा. मी बी रुसलो व्हतो. पर जागा बगून रूस, कोर्टात उपेगी पडंल अशी." त्यावर माणूस हसतो, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा रुसता येत नाही.

फाटक निघालं त्या दिवशी संदीपनं टेम्पो पहिल्यांदा थेट दारापर्यंत नेला आणि बायामावशीला पुढं बसवून डॉक्टरकडं निघाला. ती लाल खुर्ची आता कुणाला लागणार नव्हती. आबांनी ती उचलून आधीच खाली नेली होती, आणि आंब्याच्या सावलीत, वाटेच्या मधोमध टाकून, तिच्यावर ते विडी ओढत बसले होते. टेम्पो वळणावरून आला. संदीपनं ब्रेक लावला आणि हॉर्नवर हात ठेवला.

"वाजवू नकोस," मावशी म्हणाली.

आबांनी टेम्पोकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि कुणीही न सांगता उठले. खुर्ची उचलून कडेला घेतली आणि हातानं टेम्पोला पुढं व्हायची खूण केली. मावशीनं खिडकीतून त्यांना हात केला, आणि टेम्पो खाली गेला.